फ्रेंच ओव्यांच्या सात वह्यांची अटक

प्रति,
मेहेरबान प्रांतसाहेब,
प्रांत कचेरी, मु. नगर.

विषय : नातीच्या एम.ए.च्या सात वह्या पोलीस चौकीतून सोडवून मिळणेबाबत.
संदर्भ : मौजे देवखडक येथील पंचनामा, ता. ११ फेब्रुवारी १९४३.

महोदय,

अर्जदारीण मनकर्णाबाई भ्रतार कै. नृसिंह उपासनी, वय ६६, शिक्षण मराठी दुसरी, राहणार देवखडक, अदबीने लिहून देते की —

१. अर्जदारणीची नात इंदू मुंबईस फ्रेंच भाषेत एम.ए. करते. फ्रान्सकडच्या खेड्यांतल्या बायका लोणी घुसळताना गाणी म्हणतात, त्यांवर तिचा प्रबंध आहे. तो ३१ मार्चच्या आत दाखल झाला नाही तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

२. गावाच्या शिवेवर कोणी तारायंत्राच्या तारा तोडल्या. त्या शोधायला चौकीचे जमादार अर्जदारणीच्या घरी आले. कणगीत हात घालून झाला, देव्हारा हुडकून झाला. तार काही निघाली नाही. रिकाम्या हाताने परतणे इभ्रतीस शोभेना, म्हणून प्रबंध लिहायला घरी आलेल्या इंदूच्या सात वह्या उचलून नेल्या.

३. पंचनाम्यात 'मजकूर अनोळखी, सबब गुप्त' असे लिहिले आहे. पंच सहादेव वाणी. त्याला मराठी कागदसुद्धा पुडी बांधण्यापुरताच लागतो. जमादारांचा मुख्य संशय असा की, ओळी कडेपर्यंत न जाता मध्येच तुटतात, तेव्हा हा सांकेतिक निरोप. अर्जदारणीने नम्रपणे विचारले की, बाबा, तुझ्या आईने जात्यावर कधी ओवी म्हटली नाही काय, आणि ती कागदाच्या कडेपर्यंत जात होती काय. त्यावर 'आजीबाई, तुम्ही यात पडू नका' असे उत्तर मिळाले. अर्जदारीण पडलेली नाही, चौकीत चार खेपा उभीच आहे. तेथे बस म्हणायची पद्धत नाही.

४. आता म्हणतात, फ्रेंच जाणणाराने दाखला दिला तर वह्या सोडू. उभ्या तालुक्यात फ्रेंच जाणणारी एकटी इंदू. पण ती पडली वह्यांच्या बाजूची, शिवाय एम.ए. झाल्याखेरीज तिचा दाखला चालत नाही. एम.ए. व्हायला वह्या हव्यात, वह्या मिळायला एम.ए. हवे. एवढी अक्कल सरकार दरमहा पगार देऊन पोसते, हे पाहून अर्जदारणीस सरकारच्या दानशूरपणाचे कौतुक वाटते. पुढे तिच्या प्राध्यापकांनी मुंबईहून रीतसर दाखला पाठवला. त्याखाली इंदूसाठी दोन ओळी धीराच्या लिहिल्या होत्या, त्या फ्रेंचमध्ये. तो कागदही जप्त.

पोर रोज माजघरात बसून आठवेल तेवढे पुन्हा लिहिते. गाणे अर्ध्यात अडले की भिंतीकडे बघत राहते. अर्जदारीण आजवर कुठल्या ओवीला अडली नाही, पण ही पुढची ओळ तिला सांगता येत नाही. एवढे एकच गाऱ्हाणे तिने जमादारांपाशी बोलून दाखवलेले नाही.

५. सबब विनंती की, वह्या १५ तारखेच्या आत द्याव्यात. तेवढे सरकारच्या हातून होत नसेल, तर वह्या गुन्हेगार आणि लिहिणारी मोकळी, हा कुठला न्याय? इंदूलाही त्याच कोठडीत, त्याच वह्यांसह, ३१ मार्चपर्यंत अटक व्हावी. दौत-टाक ती घेऊन येईल, डबा अर्जदारीण पोचवील. जमादारांनी फक्त दाराशी गलका करू नये. तिला लिहिताना चालत नाही.

न्यायाकडे डोळे लावून बसलेली,
मनकर्णाबाई उपासनी
(सही स्वहस्ते. अंगठा नाही.)
ता. ९ मार्च १९४३

सोबत : पंचनाम्याची नक्कल, एक.