बानं नाटक अर्धंच पाहिलं

तांडा, मुक्काम घाटंजीजवळ
रविवार, २१ डिसेंबर १९५८

भियाला धाकट्या रामलालचा पायावर डोकं ठेवून रामराम. वहिनीलाही सांग.

इकडे आईबाप बरे आहेत. थंडी कडक आहे. कापसाची दुसरी वेचणी झाली, तिसरीत फारसं काही निघेल असं वाटत नाही. बाचा खोकला कमी आहे. याडीचे गुडघे दुखतात, पण विचारलं की म्हणते, कोणते गुडघे?

तुझं पाकीट मंगळवारी शाळेत मिळालं. संध्याकाळी घरी वाचून दाखवलं. तू आठ दिवसांचा जो बेत लिहिलास तो दोनदा वाचावा लागला, कारण पहिल्यांदा बा मधे मधे विचारत होता आणि याडी त्याला गप्प बसवत होती. शनिवारी दादरच्या खानावळीत श्रीखंडपुरीचं ताट, रविवारी चौपाटीवर भेळ, सोमवारी इराण्याकडे चहा आणि मस्कापाव, मंगळवारी गिरगावात नाटक, चौथ्या रांगेची तिकिटं. पुढं राणीचा बाग, सर्कस, बोट. बा म्हणाला, "हाटेलात खाली बसू देतेत का? पाय लोंबते ठेवून बसलो त घास उतरत नाही." मी म्हटलं, खुर्चीवर मांडी घाला. मग त्यानं विचारलं, भाकर मागितली तर देतील का. याडीला नाटकाचीच काळजी. "मले रडू आलं त लोकं हासतीन का?" मी म्हटलं, तिथं सगळेच रडतात, त्यासाठीच पैसे देतात. तिला ते पटलं नाही.

तेव्हापासून बा तांड्यात कोणीही भेटला की चौथ्या रांगेचं सांगतो. धरमसिंग नाईकाला त्यानं काल तिसऱ्यांदा सांगितलं.

कागदाच्या मागच्या बाजूला तू जे लिहिलंस ते मी मोठ्यानं वाचलं नाही. वसाहतीत राठोड म्हटल्यावर लोक तुम्हाला बंजारा नाही तर राजपूत समजतात, नाटकाला तुझे साहेब आणि त्यांच्या बाई शेजारी बसणार आहेत, माझ्या मुंबईतल्या नोकरीचं तू त्याच दिवशी त्यांच्याकडे काढणार आहेस, हे सगळं मला समजलं. याडीचा आरशांचा घागरा, फेटिया आणि केसांतल्या घुगऱ्या इथं ठेवून लुगडं नेसवून पाठवायला काही अडचण नाही. पण तू चुडाही उतरवायला सांगितलास. आपल्यात बाई दंडावरचा हस्तिदंती चुडा कधी उतरवते, ते मी तुला पत्रातून सांगायचं का?

असो. तू लिहिलंस म्हणून तेही झालं. काल उतरवला. कसा, ते विचारू नकोस.

यवतमाळहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूरपर्यंत मी सोबत येईन आणि मुंबईच्या गाडीत बसवून देईन. बोरीबंदरला वेळेवर ये. बाला गर्दीत मागं राहायची सवय आहे.

तुझा
रामलाल


तांडा
रविवार, १५ फेब्रुवारी १९५९

भिया,

याडी घरी आहे. मूर्तिजापूरच्या फलाटावर तू तिला माझ्या हवाली केलंस आणि पुढच्या गाडीनं परत फिरलास. घरी चल असं मी म्हणालो नाही, तूही विषय काढला नाहीस. तीन आठवडे झाले, मी पत्र लिहायला बसतो आणि शाळेच्या वह्या तपासून उठतो.

तू विचारतोस, मधल्या सुट्टीत बा नाटकातून उठून का गेला असेल. पोलिसांत तू लिहून दिलंस की वय झालं होतं, रस्ता चुकला असावा. बा रस्ता चुकणारा माणूस नाही. आजोबांच्या बैलांमागं मिठाच्या गोण्या घेऊन तो लहानपणी निजामाच्या मुलखात पायी जाऊन आलेला आहे. तो का गेला, ते मला माहीत आहे.

तुझं पत्र आलं त्या आठवड्यातल्या शनिवारी मी ते पुन्हा हातात घेतलं आणि दोघांना समोर बसवून वाचलं. म्हणजे वाचल्यासारखं केलं. कागदाकडे बघत म्हणालो की मुंबईत नाटकाच्या थेटरात हस्तिदंत घालून जायला सरकारची मनाई आहे. याडी म्हणाली, "असं लिवलं हाय?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "कुठं, दाखव." मी तुझ्या अक्षरावर बोट ठेवलं. तिथं वहिनीच्या दाढदुखीचं लिहिलेलं होतं.

ती म्हणाली, "मंग मी थेटरात नाही जात. भाईर बसतो." तेव्हा बाच म्हणाला, "सरकारचा कायदा हाय त कोन काय करते? चार दिसाची गोठ. आल्यावर दुसरा भरू. पोरानं तिकीट काढलं, तू भाईर बसली त त्याले कसं वाटन?" तेल लावून चुडा निघेना. लग्नात चढवलेला. शेवटी मी करवत आणली. बानं तिचा दंड धरून ठेवला आणि मी कापला. खालची कातडी पांढरीफटक होती, कधी ऊनच न लागलेली. बा तिकडे न बघता म्हणाला, "जपून काप, लागन तिले."

हे सगळं मी फक्त तुझ्यासाठी केलं असं लिहिलं असतं, पण मलाही ती नोकरी हवी होती.

आता तिथं काय झालं ते ऐक. तू साहेबांशी बोलत होतास, तुला दिसलं नसेल. याडी सांगते की साहेबांच्या बाई तिच्या आणि बाच्या मधे बसल्या होत्या. त्यांच्या हातात सोन्यानं मढवलेल्या हस्तिदंती बांगड्या होत्या. बानं नाटक पाहिलंच नाही, तो त्या बांगड्यांकडे बघत राहिला. पडदा पडल्यावर उठून दारावरच्या माणसाकडे गेला आणि त्याला कायदा विचारला. तो हसला. त्यानं दुसऱ्याला बोलावून सांगितलं, तोही हसला. बा परत आला, याडीच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "पोट्ट्यानं कागद खोटा वाचला."

याडीनं विचारलं, कोणत्या पोट्ट्यानं? तो म्हणाला, "दोघायनं." मग म्हणाला, "पानी पिऊन येतो." तिला वाटलं, येईल. तुम्ही सगळे आत गेलात तेव्हा ती दाराकडे तोंड करून बसली. साहेबांच्या बाईंनी तिला दोनदा सांगितलं, आजी, नाटक इकडे आहे.

मूर्तिजापूरहून येताना गाडीत तिनं मला हे सांगितलं. आवाज चढवला नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "काहून रे रामलाल?" मी उठून खिडकी लावून घेतली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

तेव्हापासून ती माझ्याकडून काहीच वाचून घेत नाही. तुझी दोन पत्रं आली ती पदरात बांधून चार मैल चालत घाटंजीला गेली. तिथं अब्दुल गनीचं सायकलचं दुकान आहे, तुझ्याबरोबर चौथीपर्यंत मराठी शाळेत होता तोच. त्याच्याकडून वाचून घेतली. घरात मास्तर असताना. अब्दुल गनीनं मला वाटेत थांबवून विचारलं, "मास्तर, घरात काई झालं का?" मी म्हटलं, माझे डोळे दुखतात.

तांड्यातल्या बाया तिच्या दंडाकडे बघतात आणि बोलणं थांबवतात. नाईकाची बायको धुरपताबाई येऊन गेली. तिनं सरळच विचारलं, "सुतक कोनत्या दिसापासून धरायचं?" याडी म्हणाली, "काई धरायचं नाही. ते पायी निघाले हाय. येतीन." रोज दुपारी ती सडकेवर जाऊन बसते. यवतमाळकडून येणारा प्रत्येक माणूस नीट बघते. गुडघे दुखतात असं आता ती स्वतःच सांगते, पण जायची थांबत नाही.

माझ्या नोकरीचं तू साहेबांना विचारलंस की नाही, मला माहीत नाही. विचारलं असशील तर नको म्हणून सांग.

रामलाल


तांडा
रविवार, १२ एप्रिल १९५९

भिया,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. शाळेच्या पत्त्यावरचं मला आणि घरच्या पत्त्यावरचं याडीला.

माझं मी वर्गात वाचलं. पोरांना पाढे लिहायला दिले आणि खाली मान घालून वाचलं. घोटीच्या पुढं रुळांच्या कडेला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक म्हातारा मेलेला सापडला, अंगावर जखम नव्हती, थंडीनं आणि उपाशीपणानं गेला असावा. बेवारस म्हणून तिकडेच जाळला. कोटाच्या खिशात नाटकाचं अर्धं तिकीट होतं, त्यावरून विचारत विचारत पोलीस दोन महिन्यांनी तुझ्यापर्यंत आले. तू कोट ओळखलास. तो कोट मी त्याला यवतमाळला घेऊन दिला होता, मुंबईत शोभावा म्हणून.

म्हणजे याडीचं खरं होतं. तो पायी निघाला होता. मुंबई मागं टाकून, घाट चढून वर आला होता. आपल्याला पत्ते माहीत, गाड्यांच्या वेळा माहीत, आणि आपण त्याला मुंबईच्या दवाखान्यांत शोधत बसलो. रुळाच्या कडेनं एक दिवस जरी गेलो असतो.

दुसरं पत्र तू तिच्यासाठी लिहिलंस. नाशिकला एका मठात बासारखा माणूस दिसला, बरा आहे, दिवाळीपर्यंत घेऊन येतो, मग सगळे मिळून मुंबईला जाऊ, या वेळी नीट सगळं दाखवतो. आणि मला लिहिलंस की तिला धक्का बसेल, सावकाश सांगू, तोवर तू सांभाळ.

ते पत्र घेऊन ती बुधवारी घाटंजीला गेली. अब्दुल गनीनं जसं होतं तसं वाचून दाखवलं. त्याचा काय दोष? परत आली ती वेगळीच बाई. दाराशी आल्या आल्या मला म्हणाली, "रामलाल, भाकर खाल्ली का?" अडीच महिन्यांत तिनं मला हे विचारलं नव्हतं. मग धुरपताबाईला निरोप पाठवला की चुडा भरायला या. नवरा जिता आहे, नागडे दंड घेऊन मी त्याच्यासमोर कशी जाऊ?

तुझं मला आलेलं पत्र मी दोन दिवस शाळेच्या पिशवीत तसंच ठेवलं. तुझ्यावर ढकलता येईल असं मनात आलं. तूच लिहिलं आहेस, अब्दुल गनीनं वाचलं आहे, माझा यात काही संबंध नाही. तिला हसताना बघत होतो आणि दिवाळीला किती महिने आहेत ते मोजत होतो.

शुक्रवारी सकाळी धुरपताबाई आणि दोन बाया आल्या. तेल, चुडा, सगळं मांडलं. याडीनं बाही वर केली. मी शाळेच्या पिशवीतून तुझं पत्र काढलं आणि म्हटलं, "याडी, थांब. भियाचं दुसरं पत्र आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तू वाचशीन?"

मी म्हटलं, "वाचतो. यातलं सगळं वाचतो."

आणि बायांसमोर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. तिला सांगू नकोस हेही वाचलं. धुरपताबाईनं मधेच रडायला सुरुवात केली. याडीनं तिला हातानं थांबवलं. माझं वाचून झालं तेव्हा ती उठली, माझ्या हातातून कागद घेतला, घडी घालून पदराला बांधला आणि चालू लागली. मी मागं गेलो तर वळून म्हणाली, "तू नको येऊ."

ती घाटंजीला गेली. माझं वाचणं खरं की खोटं ते बघायला. उन्हात चार मैल जायला, चार मैल यायला. मी सडकेवर बसून राहिलो, ती रोज बसते तिथंच.

दिवस मावळायला आला तेव्हा ती परत आली. अब्दुल गनीनं रहमतला, आपल्या बायकोला, तिच्यासोबत वेशीपर्यंत पाठवलं होतं. याडी माझ्याजवळ येऊन खाली बसली आणि म्हणाली, "बराबर वाचलं तू." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथंच तिनं तोंड उघडून रडायला सुरुवात केली. तांड्यातले सगळे धावत आले. मला सांगता येणार नाही, भिया, तो आवाज कसा होता.

काल विधी केले. अस्थी नाहीत, तू कोट पोलिसांकडून सोडवून आणला आहेस तोही तिकडेच. तो पाठवू नकोस, असं ती म्हणते. तू येऊ नकोस असं मात्र ती म्हणाली नाही. तांडा काय म्हणतो ते मी सोसलं आहे, तुलाही सोसता येईल. वहिनीला घेऊन ये, कोणत्याही कपड्यांत ये. यायचं नसेल तर तेही सरळ लिही.

आज सकाळी तिनं मला कागद घेऊन बसवलं. तुला विचारायचं म्हणाली. तुझ्यावर रागवली असेल असं वाटून मी दौत उघडून वाट बघत बसलो. तिनं रागाचा एक शब्द सांगितला नाही. एकच गोष्ट तिला हवी आहे आणि ती पोलिसांना विचारून कळव. लिहून झाल्यावर तिनं ते मला दोनदा वाचायला लावलं. तिच्याच शब्दांत देतो:

"फुलचंद, तुह्या बाले रुळाच्या कडेले पाहलं तवा त्याचं तोंड कोनीकडं होतं? मुंबईकडं का घराकडं? जसं असन तसं लिहिजो."

रामलाल