एमा रस्त्यात वाकली तेव्हा

मोहर्ली, १४ मार्च, संध्याकाळ

सकाळी सफारी, दुपारी चंद्रपुरात कपडेखरेदी. परदेशी पाहुणी एमा दुकानातूनच साडी नेसून निघाली. परतताना फोटोसाठी मीच तिला जंगलाच्या रस्त्यावर उतरवलं. मी, गाइड! ती निऱ्या सावरायला वाकली. मोहफुलं वेचायला वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो, हे मीच पर्यटकांना सांगते ना?

तेवढ्यात झाडीतून चितळ ओरडलं, वाघ जवळ असल्याचा इशारा.

“ताई, उठव तिले पयले,” ड्रायव्हर सुधाकरभाऊ म्हणाले.

दंडाला धरून गाडीत ओढलं तिला. ती हसतच होती, तिला धोका कळलाच नव्हता. ती वाकलेली पाठ डोळ्यांपुढून जात नाही.

“ऑफिसात सांगू नोको. काम जाईन तुयं,” भाऊ म्हणाले.

घरातली पहिली पदवी, पहिली नोकरी माझी. काय करू? लपवलं, तर उद्या पुन्हा कुणाला तरी उतरवीन. भीती वाटते, पण सकाळी आधी एमाला सांगेन, मग ऑफिसात.