बाण काढला, फोन राहिला

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून ही वही. कुणाला दाखवायची नाही, म्हणून खरं तेच लिहीन.
संचालिका बाईंनी बोलावून सुनावलं. प्रौढांच्या इंग्रजी वर्गातून बाहेर पडणाऱ्याला पुढे कॉलेजात नाहीतर कामावर जागा मिळाली पाहिजे, नुसतं ‘हाऊ आर यू’ शिकवून लोकांना वाऱ्यावर सोडू नका म्हणाल्या. आपल्या तीन पातळ्या समोरच्या कॉलेजच्या कोर्सशी जुळवायच्या. कोणी? अर्थात मी.
संकल्प : आठवड्यात संपवणे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
तक्ता तयार! पाच रंग. डावीकडे आपल्या पातळ्या, उजवीकडे कॉलेजचे चार कोर्स, मधे बाण. तिसऱ्या पातळीतून रुग्णसहायकाच्या कोर्सकडे जाणारा हिरवा बाण तर असा जमलाय की बघत राहावं. लॅमिनेट करून व्हरांड्यात लावला. बाईंनी विचारलं, कॉलेजशी बोलणं झालं ना? म्हटलं, होतच आलंय.
म्हणजे फोन तेवढा राहिलाय. आमची तिसरी पातळी झालेल्याला प्रवेशपरीक्षा माफ करा, एवढंच विचारायचं आणि मग एक पत्र पाठवायचं. अवघड काम बाण काढण्याचं होतं. टेबलावर पिवळी चिठ्ठी चिकटवली : ‘कॉलेज – फोन’.

सोमवार, १० फेब्रुवारी
फोन करणारच होतो. पण सोमवारी त्यांच्याकडे गर्दी असते. आपणही समजून घ्यायला हवं.
वर्ग सुटल्यावर लाँड्रीवाल्या ताई थांबल्या. हॉस्पिटलच्या लाँड्रीत अकरा वर्षं आहेत, आणि तिसऱ्या पातळीत सगळ्यांच्या पुढे. हिरव्या बाणावर बोट ठेवून विचारत होत्या, सर, हे खरंच असं आहे का? कोर्सला वयाची अट चाळीस. जूनमध्ये ताईंना चाळीस पूर्ण होतात, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. अर्जाची मुदत १४ मार्च. म्हणाल्या, अकरा वर्षं पेशंटच्या चादरी बघितल्या, आता पेशंट बघायचाय. म्हटलं, ताई, निश्चिंत राहा, बाण काढलाय ना!
घरी येताना उगाचच भरून आलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी
चिठ्ठीचा गोंद गेला. नवी लिहून लावली. हेही कामच आहे.
मी फोनला भितो असं मुळीच नाही. गेल्या वर्षी एका सभेत कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या बाई माझ्याशी इतकं भराभर इंग्रजी बोलल्या की मी तीनदा ‘येस, डेफिनेटली’ म्हणालो. मागून कळलं, त्या चहा की कॉफी विचारत होत्या. तेव्हापासून मी लेखी व्यवहाराच्या बाजूचा.
आजच्या वर्गाचा विषय : फोनवर आत्मविश्वासाने बोलणे. छान रंगला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
हिने विचारलं, त्या कॉलेजचं भिजत घोंगडं किती दिवस ठेवणार? रस्ता ओलांडला की कॉलेज, चालत जा की! मी समजावलं, अशा गोष्टींना प्रोटोकॉल असतो. ही म्हणाली, प्रोटोकॉलला पाय नसतात, तुम्हाला आहेत.
जेवताना मी बोललो नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही.

मंगळवार, ११ मार्च
रजेचा अर्ज शिकवला. चार ओळी पुरतात : आधी कारण, मग माफी, मग विनंती, खाली सही. कारण खरं आणि एका वाक्यात द्या, सबब लांबली की वाचणाऱ्याला संशय येतो, हे मी तीनदा बजावलं. ताईंनी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

शुक्रवार, १४ मार्च. संध्याकाळी
दहाला फोन करायचा ठरला होता. दहाला चहा आला. अकराला मीटिंग. पाचला दहा कमी असताना लावला. पलीकडून ‘हॅलो’ आलं आणि मी ठेवून दिला. लाइन खराब होती.
लाइन खराब नव्हती.

सोमवार, १७ मार्च
शुक्रवारी ताई अर्ज घेऊन स्वतःच कॉलेजात गेल्या होत्या. मोबाइलवर आमच्या तक्त्याचा फोटो. प्रवेशवाल्या बाई म्हणाल्या, आम्हाला कुणी काही कळवलेलं नाही, आणि अर्ज बाजूला ठेवला. तर ताई भांडल्या! आमच्या सरांनी सांगितलं म्हणजे फोन केलाच असणार, तुमच्याच माणसांनी लिहून घेतला नसेल, रजिस्टर काढा. वीस मिनिटं. इंग्रजीत.
हे त्यांनी भर वर्गात सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी. मी हात जोडले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
संकल्प : ताईंना खरं सांगणे. उद्या.

बुधवार, १९ मार्च
काल सांगितलं नाही. आज मात्र रस्ता ओलांडला. दीड मिनिट लागलं.
प्रवेशवाल्या बाई चक्क मराठीत बोलल्या. पाच मिनिटांचं काम होतं हो, म्हणाल्या. आता शुक्रवारी दुपारपर्यंत तुमच्या संस्थेचं पत्र आणा. चूक तुमची, अर्जदाराची नाही, असं स्वच्छ लिहा, गोलगोल नको. मी ताठ मानेने हो म्हटलं. चहा की कॉफी विचारलं. चहा म्हटलं.

गुरुवार, २० मार्च
पत्राचे सात मसुदे झाले. ‘अपरिहार्य कारणांमुळे’. ‘तांत्रिक अडचणीमुळे’. ‘समन्वयातील उणिवेमुळे’ हा सर्वांत भारदस्त.
सातही वाचून पाहिले. एकातही मी नाही.

शुक्रवार, २१ मार्च. दुपारी
आठवा मसुदा चालू असताना ताई आल्या. शिफ्ट मधेच टाकून आल्या होत्या, बाह्या ओल्या. टेबलावर एक कागद ठेवला. म्हणाल्या, सर, प्रवेशवाल्या बाईंनी मला सगळं सांगितलं, तुम्ही फक्त सही करा. पिवळी चिठ्ठी त्यांनी फेब्रुवारीतच पाहिली होती, वह्या ठेवायला आल्या तेव्हा. मी विचारलं, मग माझ्यासाठी भांडलात कशाला? म्हणाल्या, जो माणूस गोंद गेला तरी चिठ्ठी परत लावतो, तो एक दिवस फोन करेल असं वाटलं होतं.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
कागदावर चार ओळी, इंग्रजीत, माझ्याच नमुन्याच्या. आमचे सर फोन करायला विसरले. त्यांना कृपया माफ करावे. मला प्रवेश द्यावा. खाली त्यांची सही, शेजारी संस्थेतर्फे माझ्या सहीला जागा. सवयीने लाल पेन उचललं. तीनदा वाचलं. एक चूक सापडली नाही. म्हणजे एकच, मी विसरलो नव्हतो. ती मी दुरुस्त केली नाही. सही केली.

संध्याकाळी
फोन वाजला. उचलला. प्रवेशवाल्या बाई. ताईंना जागा मिळाली. इतकं सरळ पत्र आमच्याकडे कधी येत नाही, कोणी लिहिलं, विचारत होत्या. ताईंनी, म्हटलं. एवढं तरी खरं बोललो.
पण माझे बाकीचे बाण कॉलेजला माहीत आहेत का, हे विचारायचं राहिलं. तक्त्यावर अजून तीन आहेत. कालपासून पिवळ्या बाणासमोर दुसऱ्या पातळीतले एक रिक्षावाले उभे राहतात.
नवी चिठ्ठी लिहिली. सोमवारी नको, सोमवारी त्यांच्याकडे गर्दी असते.