बादलीत राहिलेला पोछा

ता. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. बाळ गेल्यापासून घरात दिवस कधी उगवतो नि कधी मावळतो ते कळत नाही. ही भिंतीकडे तोंड करून पडून असते. ताट पुढे केलं तर दोन घास खाते, काही विचारलं तर हो-नाही एवढंच. डॉक्टर म्हणाले, शरीर सावरलंय, आता मनाला वेळ द्या. मी देतोय. पण वेळ द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

चष्म्याच्या दुकानात सध्या अर्धाच दिवस जातो. ज्याला लिंबूसुद्धा धड पिळता येत नाही म्हणून तू हसायचीस, त्याचा भात आता करपत नाही. भांडी, कपडे, सगळं होतं. घोडं अडलंय ते पोछ्यावर. त्या दिवशी फरशी पुसता पुसताच हिला कळा सुरू झाल्या आणि आम्ही तसेच दवाखान्यात धावलो. पोछा घाण पाण्यात बुडलेला राहिला. परतलो तेव्हा त्याचे दोरे काळेकुट्ट झाले होते. साबणाने धुतला, तरी फरशी पुसली की नासक्या पाण्याचा वास घरभर पसरतो आणि ही चादर नाकावर ओढून घेते. नवा आणतो म्हटलं, तर पहिल्यांदाच मान वळवून म्हणाली की तो टाकायचा नाही. का, ते मात्र बोलली नाही. तेव्हा काही उपाय असला तर कळव.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझा,
धाकटा


ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ हातात तसंच धरून बसले. निघून यावं असं शंभरदा वाटतं, पण सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांना सोडून पाय निघत नाही.

आधी पोछ्याचं सांगते. नळाच्या धारेखाली धरून दोऱ्यांत अडकलेले केस, कचरा बोटांनी सोडव. मग बादलीत कढत पाणी घे, मूठभर खायचा सोडा टाक आणि पोछा त्यात भिजू दे. ते पाणी ओतून दे. नंतर साध्या पाण्यात वाटीभर व्हिनेगर घालून पुन्हा भिजव, वास त्यानेच जाईल. खळखळून धू, घट्ट पिळ आणि दोरे वर करून उन्हात उभा कर. कोपऱ्यात ओला ठेवलास तर सगळं मुसळ केरात.

आता हिचं. विसर म्हणून सांगू नकोस. रडली तर डोळे पुसायची घाई करू नकोस. नुसता जवळ बस. तुला लहानपणापासून गप्प बसवत नाही, हे ठाऊक आहे मला, तरी बस.

दोघं जपा. पत्राला उशीर लावू नकोस.

तुझी,
ताई


ता. १७ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, मी बरा आहे. पण घडलं ते सांगायलाच हवं.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. व्हिनेगरच्या पाण्यात पोछा भिजत घातला, तरी काळेपणा हटेना. मोरीच्या फळीवर ब्लीचची बाटली होती. म्हटलं, दोन्ही मिळून झटपट काम होईल, आणि ओतलं. हिला वास जाऊ नये म्हणून दारही लावून घेतलं होतं. दोन्ही मिळून विषारी वायू होतो, हे ठाऊक नव्हतं; क्षणात डोळ्यांत आग आणि छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. कडी सापडेना. खोकत खाली बसलो, एवढं आठवतं.

ही उठली, ताई. जी पाणी प्यायलासुद्धा उठत नव्हती, तिने खांद्याने धक्के देऊन दार उघडलं, मला कॉलरला धरून फरफटत बाहेर आणलं आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, की आता तुम्हीही जा, म्हणजे माझ्या हातून काहीच उरायला नको.

मला त्याचा अर्थ लागला नाही. तेव्हा ती बोलू लागली. त्या दिवशी ओणवं होऊन फरशी पुसली म्हणूनच बाळ गेलं, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. एवढे दिवस ती भिंतीला हेच सांगत होती. मी शेजारीच होतो आणि मला पत्ता नव्हता. तू लिहिलं होतंस म्हणून नुसता बसून राहिलो.

नंतर खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी दवाखान्यात नेलं. खोकला आहे, उतरेल म्हणतात.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


ता. २६ मार्च

ती. ताईंना,
शि. सा. न.

अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्या, फार दिवसांनी लिहितेय. यांचा खोकला पुष्कळ कमी आहे. ब्लीचचं बजावायला हवं होतं, असं यांना आलेल्या पत्रात लिहून तुम्ही स्वतःला दोष लावून घेतलात. तसं करू नका. कोण काय ओतेल, हे लांब बसून कोणाला कळणार?

यांना दाखवायला गेले तेव्हा माझ्याही डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, नाळेला गाठ बसली होती. मी निजून राहिले असते तरी तेच झालं असतं. दिवसा मला ते पटतं. रात्री अजून पटत नाही. पण आता मी यांना उठवते आणि तसं सांगते.

पोछा मीच धुतला, तुमच्या रीतीने. दोरे पांढरे झाले नाहीत, वास मात्र गेला. टाकू दिला नाही, कारण तो हातात होता तोवर ती माझ्या पोटात हालत होती. हे कोणाला सांगावं ते कळत नव्हतं.

काल आम्ही तिच्यासाठी लावलेली छोटी खोली उघडली. यांनी बादली धरली, मी पुसलं. फरशी वाळेपर्यंत दोघं उंबऱ्यावर बसलो.

ताई, मुलगा होता की मुलगी, हे मला कोणीच विचारत नाही. मला त्रास होईल असं वाटत असेल. मुलगी होती. डोक्यावर दाट केस होते, आणि कपाळ यांच्यासारखं, म्हणजे तुमच्यासारखं.

तुमच्या सासूबाईंना बरं वाटलं की या. तुम्हाला तिच्याबद्दल सगळं सांगायचं आहे.

तुमची,
भावजय