डीपी आली की डीपी आला

मंगळवार, १२ ऑगस्ट
डीपी मंजूर! कॉलनीच्या ग्रुपवर नगरसेवकाचा मेसेज: ‘आपला डीपी जाहीर झाला, सर्वांचे अभिनंदन.’ ‘आपली’च्या जागी ‘आपला’. म्हटलं, घाईत बोट घसरलं असेल. संपली एकदाची व्होल्टेजची कटकट! आमचं केज गाव चारी बाजूंनी वाढतंय आणि आमची अख्खी कॉलनी अजून एका म्हाताऱ्या डीपीवर, एकाच ट्रान्सफॉर्मरवर. संध्याकाळी दिवे हळदीसारखे पिवळे, माझ्या पिठाच्या गिरणीची मोटर नुसती गुरगुरते. लोकांचे ज्वारीचे डबे तसेच पडून. आता नवीन डीपी आली की संध्याकाळीसुद्धा दळण! घरोघर साखर वाटून आले. समोरच्या सिस्टरांना शुगर आहे, तरी चिमूटभर घेतली त्यांनी. बाई चांगली.

बुधवार, १३
हसं झालं माझं. हे जीपची बीडची फेरी मारून आले, मी साखर पुढे केली, तर पोट धरून हसले. ही विजेची डीपी नव्हेच. शहराचा विकास आराखडा, त्यालाही डीपीच म्हणतात. ती आली नाही, तो आला. आता साखर खाल्लेल्यांना काय सांगू? सिस्टर म्हणाल्या, “बारसं मुलीचं केलंस, निघाला मुलगा.” सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्या तरी जीभ इंजेक्शनचीच.
पण! आराखड्यात आमच्या गल्लीतून रस्ता आहे म्हणे. बारा मीटर. थेट बीड रोडला. पावसात रिक्षावाला कोपऱ्यावरच उतरवतो ते बंद. नाल्या होतील. आणि गिरणी मेन रोडवर!! विजेचं मरू दे, हे त्याहून भारी.

शनिवार, १६
नकाशा नगरपंचायतीच्या भिंतीवर लावलाय, बघून आले. ही गर्दी. जो तो बोट लावून आपलं घर शोधतोय. बाग आहे, भाजी मंडई आहे, शाळेला जागा आहे. आज जिथं नुसती बाभळी आणि डुकरं, तिथं बाग! मी आपली बागेपाशीच उभी. मग गल्ली सापडली. आपला रस्ता आहे, खराच आहे. पण रुंद होतो तो सगळा एकाच बाजूला.
आपल्या.
गिरणी पूर्ण जाते. सिस्टरांच्या घराला धक्का नाही.

रविवार, १७
ह्यांचं म्हणणं, हरकत घ्यायची. मुदत आहे अजून. नकाशातली रस्त्याची रेघ समोरच्या बाजूला सरकवा असं लिहायचं. समोर कोण राहतं ते दोघांनाही माहीत. हरकत ह्यांनी लिहिली, सही मी केली. रस्ता तर पाहिजेच, आणि गिरणीही. ती माझी आहे, माहेरचे दागिने मोडून उभी केलेली.
सिस्टर दळण घेऊन आल्या. मी नजर चुकवली. त्यांनीही चुकवली काय? मला तसं वाटलं.

सोमवार, २५
आज कहर झाला. हरकत पदराखाली धरून नगरपंचायतीत गेले, तर रांगेत पुढे सिस्टर. “तुमी इथं?” “पेन्शनचं काम हाय. तू?” म्हटलं, नळाचं. तेवढ्यात क्लार्क ओरडला, रस्त्याच्या हरकती-सूचनावाल्या दोघी बाया पुढं या. दोघीच होतो.
कागद न देताच बाहेर येऊन चहा घेतला. कोण आधी बोलणार? शेवटी सिस्टरच. त्यांनी सूचना लिहून आणलेली: रेघ आहे तिथंच ठेवावी. “तू सरकवायला सांगशील, हे मला ठाऊक होतं. म्हनून लिव्हलं, समोर नुसतं पत्र्याचं शेड हाय.”
लई लागलं मला. नुसतं शेड! मग माझ्या हरकतीत काय आहे ते सांगावंच लागलं. ‘समोर एकटी बाई राहते, घर मोठे आहे.’ सिस्टर हसायलाच लागल्या, डोळे पुसत. मलाही आवरेना. चहावाला बघतोय.
तिथंच एक नवा अर्ज लिहिला, दोघींच्या सह्यांचा. रेघ मधोमध घ्या. त्यांचा व्हरांडा आणि पुढची खोली जाईल, माझी गिरणी अर्धी. मशीन मागच्या खोलीत न्यायची. परत आत नेऊन दिला, तर तिथले साहेब दोनदा वाचून म्हणाले, आपलंच घर कापा म्हणून सांगायला आलेल्या तुमीच पहिल्या. अर्ज घेतला. सुनावणी होईल, मानतीलच असं नाही.
घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते माझे. हे चिडलेत. चिडू देत.

मंगळवार, २६
सकाळी ह्यांचा टेप घेतला आणि रस्ता केवढा होईल ते मोजलं. दोन्ही अंगणांत एकेक वीट ठेवली. सिस्टर त्यांच्या विटेपाशी, मी माझ्या. बाप रे, केवढी जागा! इथून दोन ट्रक सहज जातील. मी ओरडून सांगितलं, सिस्टर, एक दिवस इथं एसटी थांबेल. त्या नुसत्या मधल्या जागेकडे बघत होत्या.
“सकाळी तुझी गिरणी सुरू झाली की मला बरं वाटतं. घरात कुनीतरी हाय असं. एवढ्या लांबून आवाज यील का गं?”
म्हटलं, येईल की.
गिरणी आणखी लांब, मागच्या खोलीत जाणार हे त्यांनीच कालच्या अर्जात आपल्या हातानं लिहिलंय.