वेदीचे कापड आणि आजाऱ्यांच्या चादरी

मी, खाली सही करणारी, लाँड्री चालवणारी विधवा, मूलबाळ नाही, धर्म ख्रिस्ती, आज पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र करत आहे. 'रागात' हा शब्द काढा, असे वकीलबाईंनी सुचवले. "रागाच्या भरात केलं म्हणून उद्या कोणी आव्हान देईल," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "भरात नाही, बाई. हा राग धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेला आहे." शब्द राहिला आहे. माझ्यावर दबाव आणण्याचा प्रयत्न झाला, पण दबाव बसलेला नाही. आमच्या देवळाच्या मंडळीच्या पंचांकडे माझ्या नावाने टाइप केलेला एक मसुदा आहे, त्यावर माझी सही नाही. तो माझी इच्छा समजू नये.

कलम एक. माझा आत्मा ज्याने दिला त्याच्या हाती देते. यासाठी पंचांच्या ठरावाची गरज नाही.

कलम दोन. माझ्या मालकीची दुमजली इमारत आहे. खाली धुण्याची खोली, बॉयलर, दगडी टाकी आणि इस्त्रीची खोली, वर माझ्या राहत्या दोन खोल्या. हिची मागची भिंत देवळाच्या आवाराला लागून आहे, आणि सगळा घोळ त्या भिंतीचा आहे. ती पाडली की मंडळीला हॉल होतो आणि गाड्या लावायला जागा होते. माझा धाकटा भाऊ मंडळीचा सेक्रेटरी आहे. गेल्या थंडीत मी छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा तो फळे घेऊन आला आणि फळांच्या पिशवीतूनच त्याने तो मसुदा काढला.

"ताई, तुला पुढे-मागे कोणी नाही. देवाच्याच कामाला जाईल ना सगळं?"

"देवाच्या की गाड्यांच्या?"

"असं काय बोलतेस? हॉलला तुझ्या नावाची संगमरवरी पाटी लागेल. 'पवित्र जीवन जगलेल्या भगिनीच्या स्मरणार्थ'. मजकूर मंजूरसुद्धा झाला."

अंगात ताप होता तरी मी उठून बसले. "जिवंतपणी माझ्या हातचं कापड ज्यांना वेदीवर चाललं नाही, ते मेल्यावर मला भिंतीवर लावणार?"

"जुनं कशाला उकरतेस?"

"तुझ्यासाठी जुनं."

ही इमारत, यंत्रे, बॉयलर आणि बँकेत जे काही शिल्लक निघेल ते मी आमच्याच रस्त्याच्या टोकाला असलेल्या आजाऱ्यांच्या घराला देते. ज्यांना घरच्यांनी टाकले आणि हॉस्पिटलनेही आता काही करण्यासारखे नाही म्हणून बाहेर काढले, अशांना तिथल्या मेट्रन शेवटपर्यंत सांभाळतात. अट एकच आहे. लाँड्री चालू राहावी, आणि त्या घराच्या चादरी इथेच धुतल्या जाव्यात. भिंत पाडू नये.

कलम तीन. हे असे का, ते लिहून ठेवणे भाग आहे. नाहीतर माझ्यामागे म्हणतील, म्हातारीला चळ लागला.

माझ्या नवऱ्याच्या काळापासून वेदीची कापडे, प्रभुभोजनाचे रुमाल, पाळकसाहेबांचे झगे आणि गायकवृंदाचे झगे आमच्याकडे यायचे. आम्ही ते फुकट धुतले. हा उपकार नव्हता, ती आमची उपासना होती. नवरा कापडावर शेवटची इस्त्री फिरवताना गुणगुणायचा, त्याचा सूर कायम चुकायचा, आणि तरीही देवाने त्या कापडाची कधी तक्रार केली नाही. तो गेल्यावरही मी ते काम सोडले नाही.

मग एका दुपारी मेट्रन हातगाडीवर चादरींचे गाठोडे घालून दारात आल्या. गावातल्या कोणत्याही लाँड्रीने ते घेतले नव्हते. वास येत होता. चादरींवर जे असायचे ते होते. मेट्रन म्हणाल्या, "नाही म्हणालात तरी मी समजून घेईन."

मी म्हटले, "समजून घेऊ नका, आत घ्या." या चादरी मी वेगळ्या टाकीत, उकळत्या पाण्यात, औषध घालून धुवायचे. तरीही बातमी देवळात पोहोचलीच. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर भाऊ लाँड्रीत आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"ताई, एकाच छपराखाली दोन्ही कपडे? लोक बोलतायत."

"काय बोलतायत?"

"वेदीचं पावित्र्य असतं काहीतरी. पवित्र म्हणजे वेगळं ठेवलेलं."

"एका आजारी बाईने गर्दीत प्रभूच्या कपड्याच्या काठाला हात लावला होता. त्याने तो कपडा टाकून दिला का रे? दुसरा मागवला?"

"तू प्रत्येक गोष्टीत प्रभूला कशाला आणतेस!"

हे वाक्य मंडळीच्या सेक्रेटरीने उच्चारले आहे. ते जसेच्या तसे लिहावे, अशी मी वकीलबाईंना विनंती केली आहे. त्याच आठवड्यात वेदीची कापडे बाजारातल्या मोठ्या ड्रायक्लीनरकडे गेली. वाईट वाटले, पण ते मी गिळले.

कलम चार. पुढचे गिळले गेले नाही.

आजाऱ्यांच्या घरात एक रंगारी होता. धिप्पाड माणूस, फुप्फुसांच्या रोगाने वाळून काठी झालेला. बायको सोडून गेलेली, मुलगा फोन उचलत नव्हता. आमच्या देवळाचे उंच छत त्यानेच रंगवले होते. औषधे चालू आहेत, आता याच्यापासून कोणाला लागण होणार नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिले होते. त्याला एकदा त्या छताखाली बसून प्रभुभोजन घ्यायचे होते. मेट्रन आणि मी त्याला खुर्चीवरून नेले.

आमच्याकडे प्रभुभोजनाचा द्राक्षारस एकाच प्याल्यातून सगळे घेतात. रांग पुढे सरकत होती. रंगाऱ्याची पाळी आली तेव्हा पाळकसाहेबांचे हात थांबले, आणि माझा भाऊ बाजूने एक कागदी कप घेऊन पुढे आला. सहलीला नेतात तसला कप. त्यात द्राक्षारस आधीच ओतून ठेवला होता. म्हणजे ही ऐनवेळची भीती नव्हती, विचार करून केलेली तयारी होती.

देवळात सगळे खाली बघत होते. रंगाऱ्याने कप घेतला, दोन्ही हातांनी धरला, प्यायला आणि म्हणाला, "आभारी आहे." मग वर छताकडे पाहून मला हळूच म्हणाला, "डाव्या कोपऱ्यात दुसरा हात द्यायचा राहिला बघा."

त्या रविवारचे प्रवचन पवित्रीकरणावर होते. ख्रिस्ताच्या रूपात आपण आतून कसे बदलत जातो यावर. चांगले होते. मी एकेक शब्द ऐकला आणि मला किंचाळावेसे वाटले.

रंगारी त्याच महिन्यात गेला. अंत्यविधी देवळात करावा म्हणून मेट्रननी अर्ज दिला. पंचांनी 'मंडळीत घबराट पसरू नये' या कारणाने तो नाकारला. पाळकसाहेब म्हणाले, "मला वर विचारावं लागेल." मी म्हटले, "वर म्हणजे किती वर? माझं तर रोज बोलणं होतं." ते ओशाळून हसले. ते वाईट नाहीत, घाबरट आहेत, आणि घाबरट माणसाच्या हातून किती वाईट होऊ शकते हे त्यांना कोणी शिकवलेले दिसत नाही. शेवटी आम्ही शवपेटी माझ्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. मेट्रननी प्रार्थना केली, मला येत होते ते गीत मी म्हटले. टेबलावर मी ताजी चादर अंथरली होती.

कलम पाच. किरकोळ वस्तू. नवऱ्याची जड इस्त्री शेजारच्या चावीवाल्याला आजच हातोहात दिली, तिच्यावर त्याचा फार दिवसांपासून डोळा होता, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. माझे दोन्ही गरम कोट आजाऱ्यांच्या घरात ज्याला थंडी वाजेल त्याला. गायकवृंदाच्या प्रमुखांना काही नाही. वर्षानुवर्षे फुकट झगे नेले आणि एकदाही 'बरं वाटतंय ना' असे विचारले नाही.

पंचांसाठी एक सूचना. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीत दरवर्षी होणाऱ्या पाय धुण्याच्या विधीला जे बारा जण निवडले जातात, ते घरून साबणाने पाय घासून, नवे मोजे घालून येतात. मी ते टॉवेल धुतलेले आहेत. त्यांच्यावर कधी मळ सापडला नाही. पुढच्या वर्षी दिवसभर उभे राहून काम करणाऱ्याचे पाय घ्यावेत.

कलम सहा. माझी भावजय, म्हणजे सेक्रेटरीची बायको. ही बाई आमच्या घराण्यातली सगळ्यात सोवळी. दाराची कडी रुमालाने धरणारी. माझ्या घरी आली तर चहाचा कप स्वतः पुन्हा विसळून घ्यायची. रंगाऱ्याला मूठमाती दिल्यावर थोड्याच दिवसांनी ती लाँड्रीत आली आणि दारातच उभी राहिली.

"वन्सं, तो कप मी भरला होता."

मी हातातली इस्त्री बाजूला ठेवली.

"हे म्हणाले, घरून भरून आण, मी आणला. तो आभारी आहे म्हणाला. तेव्हापासून मला प्रार्थनाच येत नाहीये. गुडघे टेकले की तो कप दिसतो." मग तिने विचारले, "मला काही काम द्याल?"

मी रागात होते. मी सगळ्यात घाण गाठोडे तिच्यापुढे सरकवले. पळून जाईल असे वाटले. तिने रबरी हातमोजे चढवले, चादर उलगडली, बाहेर जाऊन उलटी केली आणि परत आली. दुसऱ्या दिवशीही आली. काही महिन्यांनी हातमोजे फक्त औषधाच्या पाण्यापुरते राहिले. आता ती आजाऱ्यांच्या घरी जाऊन स्वतः चादरी बदलते, कण्हणाऱ्याच्या डोक्याखाली हात घालते, त्याच्याशी गप्पा मारते. पवित्रीकरणावरची प्रवचने मी आयुष्यभर ऐकली, ते घडताना मात्र एवढे एकदाच पाहिले. देवाने तिच्यात काय केले ते मला समजत नाही, मी फक्त त्याला साबण पुरवला.

आणि याचे तिला काय मिळाले? भावाने सांगितले, "ते हात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही." ती माझ्याकडे अंघोळ करून, कपडे बदलून घरी जाते आणि तरीही तिचे ताट वेगळे असते. म्हणून लाँड्रीची देखरेख तिच्याकडे राहावी, आणि वरच्या दोन खोल्या तिला तहहयात राहण्यासाठी मिळाव्यात. स्वतःचे दार असावे, ज्याची कडी तिने हवी तशी धरावी.

कलम सात. माझ्या धाकट्या भावाला काहीही नाही. आई गेल्यावर मी याला न्हाऊमाखू घातले आहे, याचे लंगोट धुतले आहेत, तेव्हा त्याला माझ्या हातांची किळस आली नव्हती. मी त्याला क्षमा करावी अशी प्रार्थना रोज करते. अर्ध्यात दात-ओठ खाऊ लागते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. प्रभू थांबतो, त्याला सवय आहे. मात्र भाऊ कधी आजारी पडला आणि त्याला कोणी नसले, तर आजाऱ्यांच्या घरात त्याला जागा द्यावी आणि त्याच्या चादरी इथेच धुवाव्यात. हे मी अगदी नाखुशीने लिहीत आहे.

कलम आठ. माझा अंत्यविधी देवळात करू नये. जागा नाकारण्याचा मान मला मिळू द्यावा.

पुरवणी. हे कलम सह्यांच्या वेळी वाढवले आहे.

साक्षीदार म्हणून चावीवाला आणि पाळकसाहेब ठरले होते. पाळकसाहेबांचा निरोप आला की पंचांनी नेमकी आत्ताच सभा लावली आहे. निरोप घेऊन आला तो खुद्द सेक्रेटरी. सही थांबवायलाच आला होता. मी कागद त्याच्यासमोर टाकले. "वाच. मेल्यावर वाचणारच आहेस."

तो उभ्यानेच वाचू लागला. कलम सहापाशी आला आणि बसला. भावजय इस्त्रीपाशी उभी होती.

"प्रार्थना येत नव्हती तुला?" त्याने विचारले. "मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही ताट वेगळं केलंत. बोलायचं कुठे बसून?"

त्याने कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले. मग तो वकीलबाईंना म्हणाला, "दुसरा साक्षीदार मी चालेन का?"

वकीलबाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला यात काही मिळत नाही, म्हणून चालाल. पण तुमच्या पत्नीला खोल्या मिळतात. नवऱ्याने साक्ष घातली तर तिचा तो हक्क जातो."

"मग नकोच," मी म्हटले. "आपण समोरच्या शिंप्याला बोलावू."

"वन्सं, माझ्या खोल्या खोडा," भावजय म्हणाली.

मी चिडले. "खुळी का तू? उद्या याने पुन्हा दार लावून घेतलं तर जाशील कुठे?"

"माहीत नाही. पण यांना एकदा सगळ्यांदेखत तुमच्या बाजूने नाव लिहू द्या. मग पंच कोर्टात गेले तरी काय म्हणतील? त्यांच्याच सेक्रेटरीची सही असेल."

कायदा न्यायाचा असतो असे म्हणतात. आज त्याने या बाईच्या डोक्यावरचे छप्पर मागितले आणि तिने ते देऊन टाकले. कलम सहामधील खोल्यांची तरतूद तिच्या सांगण्यावरून, माझ्या मनाविरुद्ध रद्द करण्यात येत आहे. लाँड्रीची देखरेख तिच्याकडेच राहील. भावाने माफी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही. पेन मात्र मी स्वतः त्याच्या हातात दिले.

मृत्युपत्र करणारी: (सही) लाँड्रीबाई

आम्ही दोघांनी वरील सही आमच्या डोळ्यांदेखत होताना पाहिली. सही करणारी पूर्ण शुद्धीत होती.

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा चावीवाला

साक्षीदार दुसरा: (सही) मृत्युपत्र करणारीचा धाकटा भाऊ. व्यवसायाच्या जागी मंडळीचे पद लिहू का, असे विचारता त्यांनी 'नको' म्हटले.

मसुदा व लेखन: (सही) वकीलबाई

ठिकाण: लाँड्रीची इस्त्रीची खोली

दिनांक: ९ ऑक्टोबर, गुरुवार