गोठ्यातला पलंग

आत्याबाई, तुमच्या गोठ्यात आता दोन गोरी माणसं जुने पलंग घासत बसतात. हे ऐकून तुम्ही आधी कपाळाला हात लावला असता आणि मग विचारलं असतं, म्हशी कुठं गेल्या. म्हशी तुमच्यामागे फार दिवस राहिल्या नाहीत. कोलशेतात जनावर बांधायला जागा उरली नाही, चरायची गोष्ट तर सोडाच. जिथं तुम्ही गवत कापायला जायच्या तिथं आता इतक्या उंच इमारती आहेत की वरचा मजला बघताना माझा पदर डोक्यावरून पडतो. तुमचा नातूही अशाच एका इमारतीत राहतो, घोडबंदर रोडला. मला ये म्हणतो. मी जात नाही. सून म्हणून तुमच्या दोनच गोष्टी मी सांभाळल्या, एक हे घर आणि दुसरं तुमचं तोंड. मी तिसरीपर्यंत शिकलेली, तुम्ही तेवढ्याही नव्हता, तेव्हा हे लिहिलेलं तुम्हाला तिकडं कोण वाचून दाखवणार, कोण जाणे. तरी लिहिते. तुम्हाला सांगण्यासारखं काहीतरी घडलंय, आणि तुम्ही असता तर भांडण झालं असतं. ते भांडण राहून गेल्यासारखं वाटतंय.

ही नवराबायको हॉलंडची. तो इथल्याच एका ऑफिसात कामाला आला होता. कंपनीने परत बोलावलं तेव्हा नको म्हणाला. बायकोने तोवर त्यांच्या सोसायटीच्या कचऱ्याजवळ टाकलेली एक शिसवी खुर्ची उचलून आणली होती आणि बाल्कनीत घासायला घेतली होती. धूळ उडते म्हणून शेजाऱ्यांनी बोंब मारली, मग दोघं जागा शोधत माझ्या दारात आली. तो इतका उंच की पहिल्याच दिवशी गोठ्याच्या आड्याला डोकं आपटलं. मी विचारलं, दारू पिता का. तो म्हणाला, हो, शनिवारी. दुसरा कोणी असता तर नाही म्हणाला असता आणि रोज प्याला असता. मी किल्ली दिली.

तेव्हापासून त्यांचं हेच चाललंय. ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात जुन्या इमारती पाडून नव्या बांधतायत. माणसं नव्या घरात जाताना जुनं लाकूड बरोबर नेत नाहीत. भिंतीतली कपाटं, भिंतीतले पलंग, सगळं चिकटवलेलं मिळतं म्हणे. मग सागवानी पलंग, आजीची फडताळं, पाळणे, आरामखुर्च्या, सगळं जिन्याखाली येऊन पडतं. ही दोघं टेंपो घेऊन जातात, ते उचलून आणतात, उन्हात टाकतात, ढेकूण मारतात, चार थरांचा ऑइलपेंट खरवडतात, मोडलेला पाय बसवतात आणि लाखेचं पॉलिश मारतात. पॉलिश ती मारते. कोपरापर्यंत लाल झालेली असते, बकरं कापल्यासारखी. मराठी माझ्याकडूनच शिकली, त्यामुळे गिऱ्हाइकाला “बस की मेल्या” म्हणते आणि तो खूश होऊन बसतो. दुपारी माझ्याकडे भाकरी खातात. तिच्या सासूबद्दल विचारलं तर लगेच भाकरीचं कौतुक करते. म्हटलं, असू दे, समजलं.

एक खोड मात्र दोघांना आहे. प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर तिची हकीकत लिहायची. ही खुर्ची अमक्या वकिलाची, त्यांच्या मांजराने हा हात ओरबाडला. हा पाळणा कल्याणच्या एका घरातला, त्यात पाच भावंडं वाढली. लोकांना ते आवडायचं. ती मराठीत सांगते, आणि माझी नात, तुमची पणती, रविवारी येऊन सुवाच्य अक्षरात लिहून देते. मीही कौतुक करत होते. मग मी भाचीच्या लग्नाला कराडला गेले आणि माझ्यामागे यांनी घोळ घातला.

डोंबिवलीहून एक पलंग आला होता. एका मास्तरांचा. रुंद, जाड सागवानाचा, उशाकडे कमळं कोरलेली. मास्तर नव्वदीचे होऊन त्यावरच गेले, दुपारी झोपले ते उठले नाहीत. इमारत पडणार म्हणून त्यांच्या मुलीने पलंग दिला. ती स्वतःही साठीची असेल. देताना रडली म्हणे, आणि एवढंच मागितलं की तोडून सरपण करू नका. हिने शब्द दिला. आणि पॉलिश झाल्यावर, मी नसताना, मोठ्या अभिमानाने पुठ्ठ्यावर लिहून घेतलं की या पलंगावर एक मास्तर चाळीस वर्षं झोपले आणि याच पलंगावर शांतपणे गेले.

मी परत आले त्या दिवशी एक नवं जोडपं पलंग बघत होतं. मुलगी सँडल काढून आडवी पडली, नवऱ्याला म्हणाली, हाच घ्यायचा. मग तिने पुठ्ठा वाचला. सापावर पाय पडावा तशी उठली. हात ओढणीला पुसले. गाडीत बसायच्या आधी बाटलीतलं काहीतरी हातांवर चोळलं, नवऱ्याच्याही हातांवर ओतलं. पुढच्या आठवड्यात घोडबंदर रोडच्या सगळ्या इमारतींतून बातमी फिरली की कोलशेतच्या गोठ्यात मेलेल्या माणसांचं सामान विकतात. नातीने मोबाइलवर दाखवलं, लोकांनी काय काय लिहिलं होतं ते. पलंग तर राहिलाच, पण खुर्च्या, पाळणे, आरसेही कोणी घेईना. महिना गेला, दुसरा गेला. धंदा चालत असल्याचं दाखवलं तरच त्यांना या देशात राहता येतं, असा काहीतरी नियम आहे. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर परत.

मी तिला समोर बसवून सांगितलं, बाई, आमच्यात माणूस ज्यावर जातो तो पलंग घरात ठेवत नाहीत. तिला पटेना. तिच्या घरी एक पलंग आहे, त्यावर चार माणसं गेली आणि तिची आई त्याच पलंगावर जन्मली. तिच्या लेखी ही चांगली गोष्ट, पलंगाची किंमत वाढवणारी. मी म्हटलं, तो पुठ्ठा काढून टाक. ती म्हणाली, “आजी, कोणी विचारलं तर?” म्हटलं, तर गप्प बस. ती म्हणाली, “गप्प बसणं पण खोटंच असतं.” तिच्या नवऱ्याने दुसरा उपाय काढला. पलंग कापायचा, त्याचे दोन बाक करायचे, मग त्यावर कोण मेलं हा प्रश्नच नाही. त्याने करवतीला धार लावायला घेतली तेव्हा ती उठून बाहेर गेली आणि तुमच्या म्हशींच्या हौदाच्या कट्ट्यावर पाठ फिरवून बसली.

आत्याबाई, मला तेव्हा मामंजींची बाज आठवली. ते झोपेतच गेले, खाली घ्यायलाही वेळ मिळाला नाही, आणि याचं दुःख तुम्हाला ते गेल्याच्या दुःखाइतकंच होतं. बाज अंगणात उभी केलेली. मला आठवा महिना, पाठ मोडलेली, मी जरा टेकले. तुम्ही घरातून धावत आलात, माझा दंड धरून मला उठवलं आणि भर थंडीत डोक्यावरून पाणी ओतलं. अक्कल गहाण टाकलीय का, म्हणालात. तेराव्याला बाज खाडीच्या वाटेवर ठेवली, सकाळी नव्हती. कोणीतरी नेली. त्या घरातलं कोणी मेलं की सगळी सुखाने झोपली, हे आपल्याला कधीच कळलं नाही. त्यानंतर तुम्ही स्वतः बाजेवर पाठ टेकली नाही. गुडघे गेले, उठताना माझा खांदा लागायचा, तरी चटईच. आणि मला बजावून ठेवलं होतं की वेळ आली की मला वेळेवर भुईवर घे, त्यांच्यासारखं करू नको.

घेतलं वेळेवर. तुमचे पाय माझ्याकडे होते, डोकं तुमच्या लेकाकडे. शेवटच्या आजारात तुमचं न ऐकता आणलेल्या हॉस्पिटलच्या खाटेवरून तुम्हाला उचलतोय आणि तुम्ही डोळे उघडता. खाली शेणाने सारवलेली जमीन, त्यावर दर्भ, त्यावर तुम्ही. आणि तुम्ही म्हणता, “गार हाय गं.” शिवी नाही, तक्रार नाही, नुसतं सांगता. सगळे मंत्र आठवण्यात, गंगाजळ शोधण्यात. मी माझी शाल तुमच्या पाठीखाली सरकवते, थोरल्या जाऊबाई ओढून काढतात. तुमच्या नियमाने सगळं नीट झालं. पण ते गार हाय मी कोणालाच सांगितलं नाही.

तर त्याच्या हातात करवत होती. मी गोठ्यात गेले, उशी काखेत घेऊन. त्याला म्हटलं, सरक. चप्पल काढली, मास्तरांच्या पलंगावर चढले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. तो तसाच उभा. ती हौदावरून उठून आली. थोड्या वेळाने मी घोरायला लागले, तेव्हा तिने त्याच्या हातातली करवत काढून खिळ्याला अडकवली म्हणे. तेव्हापासून जेवण झालं की मी तिथंच. रविवारी नात आली, माझा तोंड उघडं टाकून झोपलेला फोटो काढला आणि मोबाइलवर सगळ्या जगाला दाखवला. तिला मी काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. पुठ्ठ्यावर मास्तरांच्या ओळीखाली हिने नवी ओळ लिहून घेतली: आता यावर आजी रोज दुपारी झोपतात, आणि उठतात.

लोक आधी हसायला आले. माझ्यासोबत फोटो काढायचे, मी उठून बसायचे आणि त्यांना म्हणायचे, फुकटात हसू नका, निदान आरसा तरी घ्या. दोघांनी घेतलाही. मग एक दिवस कोपरीहून एक बाई आल्या, माझ्याच वयाच्या, सुनेला घेऊन. सुनेला पाळणा हवा होता. या मात्र सरळ पलंगाशी आल्या, पुठ्ठा दोनदा वाचला आणि काठावर बसल्या. मग लगेच उठल्या. परत बसल्या. मला विचारलं, “तुम्हाला भीती नाही वाटत?”

मी विचारलं, तुमच्या घरात कोणी गेलं नाही का.

गेले की, म्हणाल्या. सासरे, सासू, मालक.

“मग घर विकलंत का?”

त्यांनी जरा विचार केला. “घर महाग असतं हो,” म्हणाल्या. सून खोकल्याचं निमित्त करून हसली. मग बाईंनी चप्पल काढली आणि माझ्याशेजारी आडव्या झाल्या. दोघी वर पत्र्याकडे बघत होतो. त्या सांगत होत्या, लेकाने नवा पलंग आणलाय, आत सामान ठेवायचा, इतका उंच की रात्री पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून त्या खाली सतरंजीवर झोपतात. खालून उठायचं म्हणजे सकाळी दोन माणसं लागतात. मग त्यांनी मान वळवून आमच्या गोऱ्या पोरीला विचारलं, मास्तर काय शिकवायचे गं. गणित, ती म्हणाली. “मग बरं,” बाई म्हणाल्या, “नातवाला माझ्याजवळ झोपवते.”

टेंपोत पलंग चढवताना ती पोर रडली. पॉलिशच्या हातांनी डोळे पुसले, दोन दिवस तोंड लाल. तिने डोंबिवलीला फोन करून मास्तरांच्या मुलीला सांगितलं. त्या कोपरीला जाऊन पलंग बघून आल्या, चहाही घेतला. कोपरीच्या बाईंनी आपल्या भजनी मंडळात सांगितलं, त्यातल्या तिघी आल्या. आता गिऱ्हाईक हकीकत विचारतं, आणि ती जशी असेल तशी सांगते, मेलेल्याची, जन्मलेल्याची, सगळी. कोणी उठून जातं, कोणी बसतं. बसणारे पुरतात. दिवाळी झाली, ती दोघं इथंच आहेत. त्याने गोठ्याच्या आड्याला जुनी गादी गुंडाळलीय, डोक्यासाठी. ज्या माणसाला परत जायचंय तो असले उद्योग करत नाही.

हे पाकीट कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, टाकणारही नाही. पण तुम्हाला एक सांगते, कारण तिला सांगता येत नाही, तिला खोटं चालत नाही. त्या पहिल्या दुपारी मी झोपले नव्हते. भिंतीकडे तोंड करून जागीच होते, हातपाय गार पडले होते, आणि तुम्ही आता येऊन दंड धरून उठवाल म्हणून वाट बघत होते. घोरणं खोटं होतं, आत्याबाई. झोप दुसऱ्या दिवशी लागली.